ओढ्यातल्या फरशीवर काहीतरी आहे पण फोटोत येत नाहीये (जीवाश्म + फोटोग्राफी, मदत हवी)

ओढ्याकाठी:

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सुट्टीच्या दिवशी रानोमाळ भटकायची सवय जुनीच, पण गेल्या वर्षभरात नजर झाडांवरून उतरून दगडांवर गेलीय. एका ओढ्याच्या वळणावर पाण्याने काठ खाल्लाय आणि तिथे करड्या रंगाचे पातळ पातळ थर उघडे पडलेत, वहीची पानं एकावर एक ठेवावीत तसे. परवा तिथे दोन गोष्टी मिळाल्या.

पहिली (प्रचि १, म्हणजे प्रकाशचित्र १) तळहाताएवढी चीप, तिच्यावर काळ्या रंगात नेच्याची फांदी, इतकी बारीक की टाकाने काढल्यासारखी. ही सुटीच पडली होती म्हणून घरी आणली. दुसरी (प्रचि २ ते ५) पात्रातच बसलेली मोठी फरशी, साधारण दरवाज्याएवढी, तिच्यावर बारीक खळग्यांच्या दोन रांगा आहेत असं वाटलं, म्हणजे बोट फिरवलं की जाणवतात पण फोटोत काहीच नाही, नुसता करडा दगड. भर दुपारी साडेबाराला काढलेत, फोनवर, काही फ्लॅश टाकून काही न टाकता. घरी येऊन कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला तर दगडाचे डाग तेवढे गडद झाले, बाकी शून्य.

तर प्रश्न दोन. नेचा कुठल्या काळातला असेल? आणि फरशीचा फोटो काढायचा कसा? फरशीत फार काही असेल असं वाटत नाहीये, पण जे बोटाला लागतं ते डोळ्याला का दिसू नये हे डोक्यातून जात नाही.

थरावरथर:

धाग्याबद्दल आभार, आणि चीप उचलायच्या आधी तिथेच तिचा फोटो घेतलात हे फार चांगलं केलंत.

आता जरा मन घट्ट करा. प्रचि १ नेचा नाहीये, ते डेंड्राइट आहे. दगडाला बारीक चीर पडते, तिच्यात मँगनीज आणि लोहाचे क्षार असलेलं पाणी झिरपतं आणि ऑक्साइडचे स्फटिक फांद्या फुटत फुटत वाढत जातात, खिडकीच्या काचेवर हिम धरतं तसं. कधीच जिवंत नव्हतं ते. चांगली सरावलेली माणसंसुद्धा पहिल्यांदा फसतात, मीही विद्यार्थी असताना एक चीप कापसात गुंडाळून नेली होती सरांना दाखवायला.

ओळखायचं कसं तर भिंग घेऊन बघा. पानाला देठ असतो, मधली शीर असते, ठरावीक अंतराने फुटणाऱ्या उपशिरा असतात आणि पानाला एक कड असते, तिथे ते संपतं. डेंड्राइट चिरेच्या कडेपासून सुरू होतं आणि कुठेही कसंही फुटत जातं, एक फांदी जाड तर शेजारची केसासारखी. तुमच्या फोटोत सगळ्या फांद्या चिपेच्या तुटक्या कडेवरूनच निघतायत बघा. शिवाय ते नुसतं रंगवल्यासारखं सपाट असतं. खऱ्या पानाच्या ठशाला थोडा तरी उठाव किंवा दाब असतो, कोळशाचा पातळ पापुद्रा राहिला असेल तर तिरपं धरल्यावर चमकतो.

पण तुम्ही ज्याला फार काही नाही म्हणताय त्या फरशीबद्दल मला जास्त उत्सुकता आहे. दोन समांतर रांगा, सारख्या अंतरावर? नीट फोटो मिळेपर्यंत काही बोलत नाही.

सावलीशोध:

ताईंनी दगडाचं सांगितलं, मी उजेडाचं सांगतो.

तुमचा फोन बरोबर आहे, वेळ चुकली. बारा वाजता ऊन डोक्यावरून सरळ खळग्यात उतरतं, खळग्याचा तळ आणि बाजूचा दगड सारखेच उजळतात, सावली पडायला जागाच नाही. फ्लॅशचंही तेच, तो लेन्सच्या अगदी शेजारी असतो, जी काही सावली पडते ती वस्तूच्या मागे लपते आणि कॅमेऱ्याला दिसत नाही. बोटाला खोली कळते कारण बोट दगडाला घासत जातं. उजेडालाही तसंच घासत जायला लावायचं. सूर्य क्षितिजापासून दहा-वीस अंशांवर असताना जा, म्हणजे सकाळी उजाडल्यावर थोडा वेळ किंवा संध्याकाळी मावळायच्या आधी. तेव्हा अर्धा मिलिमीटरचा खळगासुद्धा सावली टाकतो. त्या वेळी ओढ्यात काठाची किंवा झाडांची सावली येत असेल तर छत्रीने फरशी पूर्ण झाकायची आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने मारायचा. हा उपाय तर ढगाळ दिवशी भर दुपारीही चालतो.

हे नुसतं फोटोपुरतं नाही बरं का. ऑस्ट्रेलियात एडिॲकरा टेकड्यांमध्ये रेजिनाल्ड स्प्रिग यांना १९४६ मध्ये जे मऊ अंगाच्या जिवांचे ठसे सापडले, त्या प्रकारचे ठसे आजही अभ्यासक सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघतात, दुपारी त्याच दगडांवरून माणूस चालत जाईल आणि कळणार नाही.

भिंगवाला:

सावलीशोधना +१. थोडी भर घालतो, मोबाईलवाल्यांसाठी.

एक, अगदी जवळ गेलं की हल्लीचे बरेच फोन आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि मॅक्रो म्हणून तोच वापरतात. त्याने कडा ताणल्या जातात आणि फोनचीच सावली वस्तूवर पडते. थोडं मागे सरा आणि दोनपट झूम लावा, आकार खरे येतात. दोन, फोन दगडाला समांतर धरा. तिरपा धरला की जवळचे खळगे मोठे, लांबचे छोटे, मग त्यावरून मोजमाप काढायचं म्हणजे डोकेदुखी. तीन, पट्टी. तुमच्या पाचही फोटोंत पट्टी नाहीये. नाणं, पेन, बूट हे काहीच नसण्यापेक्षा बरं, पण नाणी देशोदेशी वेगळी असतात, बघणाऱ्याला व्यास माहीत असेलच असं नाही. साधी सेंटीमीटरची पट्टी ठेवा आणि ती जीवाश्माच्याच पातळीवर ठेवा, शेजारच्या उंच दगडावर नको, नाहीतर माप खोटं येतं. आणि एक फोटो बिनापट्टीचा पण घ्या, पट्टीखाली काय झाकलं गेलं ते नंतर कुणीतरी विचारतंच.

बाकी रॉमध्ये (फोनने काहीही न बदललेली मूळ फाइल) काढता आलं तर उत्तम. सूर्यास्ताच्या उजेडात दगड नारिंगी दिसतो, फ्रेमच्या कोपऱ्यात करडा कागद ठेवलात तर नंतर रंग खरा करता येतो.

पहाटवारा:

छान माहिती मिळतेय, वाखु (वाचनखूण) साठवली. एक भाबडी शंका, दगडावर पाणी मारलं तर ठसा उठून नाही का दिसत? नदीतले गोटे ओले असताना किती सुंदर दिसतात. आणि कुठेतरी पाहिलं होतं की ठशांच्या कडेने खडूने रेघ मारतात.

थरावरथर:

शंका भाबडी नाही, नेहमीची आहे. पाणी रंगाला मदत करतं आणि उठावाला मारतं. म्हणजे पॉलिश केलेल्यासारखी चुनखडी असेल, तिच्यात शिंपल्याचे पांढरे काप दिसत असतील, किंवा दगडात प्रवाळ असेल तर ओलं केल्यावर फरक छान उठतो. पण खळगे आणि ठसे बघायचे असतील तर ओल्या दगडाची चकाकी सगळ्या सावल्या खाऊन टाकते. आणि हा शेल आहे. मातीचाच दगड तो, पाणी प्यायला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि असं चार वेळा झालं की पापुद्रे सुटतात. तेव्हा यावर पाणी नको.

खडूही नको प्लीज. पूर्वी करायचे, पावलांच्या ठशांवर सर्रास करायचे, पण रेघ मारणारा स्वतःला जे वाटलं तेच दगडावर लिहून ठेवतो आणि पुढचा प्रत्येक माणूस दगडाऐवजी रेघ बघतो. रेघा मारायच्याच तर फोटोच्या कॉपीवर मारा. तेल, वॉर्निश, फेव्हिकॉल, पीठ, पावडर यातलंही काही नको. प्रयोगशाळेत अमोनियम क्लोराइड तापवून त्याची पांढरी साय नमुन्यावर धरतात, त्याने दगडाचे डाग झाकले जाऊन फक्त आकार उरतो आणि फोटो अप्रतिम येतात, पण ती धुरांडी असलेल्या खोलीत करायची गोष्ट आहे, घरी नाही.

पायवाट:

सगळे फोटोचं बोलतायत, मी जरा कटकटीचं बोलतो. ओढा कुणाच्या हद्दीत आहे? विचारलं होतं का? चीप सुटी पडलेली असली तरी जमीन कुणाची तरी असते.

कायदे देशागणिक फार वेगळे आहेत. अमेरिकेत सरकारी जमिनीवर पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं हाड परवान्याशिवाय उचलता येत नाही, पण काही सरकारी जमिनींवर साधे शंख-शिंपले किंवा थोडं अश्मीभूत लाकूड स्वतःसाठी नेता येतं. मंगोलियात सगळे जीवाश्म देशाच्या मालकीचे. तिथून चोरून नेलेला टार्बोसॉरस या डायनासोरचा सांगाडा २०१२ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाला, मंगोलियाने हरकत घेतली, कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये तो परत घरी आला. त्यामुळे आपल्याकडे नियम काय हे आधी विचारून घ्यावं. फोटोला मात्र सहसा कुणी नाही म्हणत नाही, मालकाला आधी विचारलं की तोच सोबत येतो आणि अजून दोन जागा दाखवतो, हा माझा अनुभव आहे.

ओढ्याकाठी:

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार.

थरावरथर ताई, नेचा गेल्याचं वाईट वाटलं हे कबूल करतो. काल भिंगाने पाहिलं, तुम्ही म्हणता तसंच आहे, मधली शीर नाहीच, आणि चिपेच्या आत एका आडव्या चिरेतही तसंच काळं दिसतंय. तरी ठेवून देणार आहे, सुंदर आहे ते.

पायवाट, तुमचं बरोबर आहे, मी विचारलं नव्हतं. ओढ्यालगतचं रान एका आजोबांचं आहे, आज त्यांना जाऊन भेटलो. चीप दाखवली, ठेव म्हणाले, आणि फरशी मात्र हलवायची नाही असं बजावलं. माझाही तो विचार नाहीच. पुढच्या सुट्टीला संध्याकाळी जातो, पट्टी, टॉर्च, छत्री घेऊन.

चकमक:

थोडं वेगळं मत मांडू का? तिथेच ठेवा, हलवू नका हे ऐकायला बरं वाटतं, पण ओढ्यातला दगड आहे तो. एक मोठा पाऊस आला की संपलं. मी कित्येक गोष्टी अशा गेलेल्या पाहिल्यात. सुटा तुकडा असेल आणि मालकाची हरकत नसेल तर उचलून एखाद्या संग्रहालयात पोचवणं हेच त्याला वाचवणं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने जर कड्याखाली पडलेलं सगळं नुसतं बघून सोडून दिलं असतं तर समुद्राने ते इक्थिओसॉरस (समुद्री सरपटणारे प्राणी) कधीच धुऊन नेले असते.

थरावरथर:

चकमक, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. किनाऱ्यावर, खाणीत, रस्त्याच्या कामात जे नाहीतर नष्टच होणार ते वाचवावं. पण उचलण्याच्या आधी फोटो, हा क्रम कधीच बदलू नये, कारण दगड उचलला की त्याचा पत्ता हरवतो. कुठल्या थरातून आला, वरची बाजू कुठली होती, शेजारी काय होतं, हे सगळं त्या एका क्षणी दिसत असतं आणि पुन्हा दिसत नाही. विल्यम स्मिथने इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा १८१५ मध्ये काढला तो याच जोरावर, कुठला शंख कुठल्या थरात हे तो नोंदत गेला म्हणून.

मला नेहमी स्कॉटच्या तुकडीची गोष्ट आठवते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ती पाचही माणसं गेली. शेवटच्या तंबूपाशी त्यांच्या घसरगाडीवर सोळा किलोच्या आसपास दगड होते, मरायला टेकलेल्या माणसांनी ओढत आणलेले, आणि त्यात ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे होते. जिभेच्या आकाराचं पान ते, भारतात मिळतं, आफ्रिकेत मिळतं, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात मिळतं. ते अंटार्क्टिकावर मिळालं म्हणून त्याला अर्थ आला, ही सगळी भूमी कधीकाळी एकत्र होती याचा तो एक पुरावा ठरला. तेच पान जागेच्या नोंदीशिवाय कुणाच्या कपाटात असतं तर नुसतं एक पान.

तेव्हा ओढ्याकाठी, तुम्ही जाल तेव्हा तीन अंतरांवरून घ्या. लांबून, की काठ आणि सगळे थर एका फ्रेममध्ये येतील, कुणीतरी उभं राहिलं तर उंची कळेल. मधून, की पूर्ण फरशी येईल. आणि मग जवळून. उत्तर दिशा कुठली ते कागदावर बाण काढून फ्रेममध्ये ठेवा. आणि इथे टाकताना फोटोतली जीपीएसची माहिती काढून टाका, स्वतःच्या वहीत मात्र नीट लिहून ठेवा. जागा उघड झाली की छिन्नी घेऊन पोचणारे लोक असतात.

आणि दरडीखाली उभं राहू नका. मेरी ॲनिंगचा विषय निघालाच आहे तर, १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत कडा कोसळला आणि तिचा कुत्रा त्याखाली गेला, ती स्वतः थोडक्यात वाचली.

भिंगवाला:

उद्या जाणार असाल तर अजून एक करून बघा. फोन ट्रायपॉडवर पक्का बसवा, अजिबात हलू द्यायचा नाही, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. अंधार पडू लागला की टॉर्च एकेका दिशेने मारत आठ फोटो घ्या, घड्याळाच्या काट्यासारखं फिरत. एका दिशेच्या उजेडात जी रेघ उजेडाला समांतर असते ती दिसत नाही, दुसऱ्या दिशेने तीच उठते. यावरूनच ह्युलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेत २००१ मध्ये एक पद्धत निघाली, असे अनेक फोटो जोडून स्क्रीनवर उजेड हवा तसा फिरवता येतो. मोफत सॉफ्टवेअर मिळतं. ते नाही जमलं तरी आठ सुटे फोटोही पुष्कळ.

त्रिमिती मॉडेल करायचं असेल तर ढगाळ उजेड बरा, फरशीभोवती फिरत प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर किमान साठ-सत्तर टक्के चढला पाहिजे असा काढत जायचा. घाई नको.

(पाच दिवसांनी)

ओढ्याकाठी:

गेलो होतो. लिहिताना अजून हात कापतोय.

साडेपाचला पोचलो, आजोबा आणि त्यांची नात सोबत. सव्वासहाच्या सुमाराला ऊन पात्रात आडवं शिरलं आणि फरशीवर आधी लाटा उमटल्या. खरंच, लाटा, वाळूवर पाण्याने काढलेल्या असतात तशा, मी दुपारी त्यावर बसून डबा ठेवायची जागा शोधली होती आणि मला एकही दिसली नव्हती. आणि त्या लाटांना तिरपी कापत दोन रांगा. प्रत्येक रांगेत टिंबांसारखे खळगे, तांदळाच्या दाण्याएवढे, काही दुहेरी. नात म्हणाली कुणीतरी चालत गेलंय. मी काहीच बोललो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं आणि नेच्यानंतर मी धसका घेतलाय.

प्रचि ६ ते ३१ बघा. पट्टी आहे, बाण आहे, टॉर्चचे आठ आहेत. दोन रांगांमधलं अंतर साडेचार सेंटीमीटर, फरशीवर एकूण लांबी १ मीटर १२.

पहाटवारा:

अप्रतिम!! पण मला ते खळगे नाही, उंचवटे दिसतायत, पुळ्यांसारखे. माझंच काही चुकतंय का?

सावलीशोध:

चुकत नाहीये. मेंदू गृहीत धरतो की उजेड वरून येतोय, आणि या फोटोत ऊन खालच्या बाजूने आलंय म्हणून खड्डे फुगलेले दिसतात. फोन उलटा धरून बघा, लगेच आत जातील. म्हणूनच जीवाश्मांच्या फोटोत उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून आणायची रीत आहे, ऊन दुसरीकडून असेल तर फोटो फिरवून छापतात आणि तसं खाली लिहितात. ओढ्याकाठी, टॉर्चच्या आठांमधला प्रचि २६ मुख्य फोटो म्हणून वापरा, तो बरोबर त्या बाजूचा आहे.

पहाटवारा:

फिरवला आणि अंगावर काटा आला.

थरावरथर:

मी काल रात्री हे फोटो बघत जागी होते.

ओढ्याकाठी, हा माग आहे. चालत गेलेल्या जिवाचा. दोन रांगा समांतर, खळगे ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतायत, म्हणजे पुष्कळ पायांचा सांधेपाय प्राणी असावा, डिप्लिक्नाइट्स म्हणतात त्या प्रकारचा माग. हे नाव मागाचं आहे, प्राण्याचं नाही. एकाच प्रकारचा माग ट्रायलोबाइट (समुद्रातला, आता नामशेष झालेला सांधेपाय प्राणी) काढू शकतो, गोमेच्या कुळातला कुणी काढू शकतो, त्यामुळे कुणी काढला हे नुसत्या फोटोवरून मी सांगणार नाही, ते थराचं वय कळल्यावर. लाटांची एक बाजू तीव्र उताराची आणि दुसरी मंद उताराची दिसतेय, म्हणजे पाणी एका दिशेने वाहत होतं, तीव्र उताराची बाजू ज्या दिशेला त्या दिशेने. आणि हा प्राणी प्रवाहाला तिरका चालत गेलाय.

हाडं, शिंपले हे मेल्यानंतरचे अवशेष. माग हा जिवंत असतानाचा असतो. टांझानियात लेटोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीच्या राखेवर माणसाच्या पूर्वजांची पावलं मिळाली, ती १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या गटाने उघडी केली, ते दोन पायांवर सरळ चालत होते हे त्या पावलांनीच दाखवलं.

तुम्ही परवानगी दिलीत तर हे फोटो विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या माझ्या ओळखीच्या अभ्यासकांकडे पाठवते. तुमचं आणि आजोबांचं नाव, शोध तुमचा, हे नोंदवूनच.

चकमक:

अभिनंदन ओढ्याकाठी! यावरून इंग्लंडमधल्या चार्निया या जीवाश्माची गोष्ट आठवली. १९५६ मध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीने जुन्या खडकावर पानासारखा ठसा पाहिला, शिक्षिकेला सांगितलं तर इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी रॉजर मेसन या मुलाला तोच दिसला, त्याने त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घेतला, तो विद्यापीठातल्या ट्रेव्हर फोर्ड यांच्यापर्यंत पोचला आणि १९५८ मध्ये त्यावर लेख आला. दोघांनीही दगड जागेवरून हलवला नव्हता हे मी इथे स्वतःहून कबूल करतो.

आजोबांच्या नातीला माझा नमस्कार सांगा.

ओढ्याकाठी:

ताई, जरूर पाठवा. आणि नातीला सांगितलं, ती म्हणाली मी आधी बोलले ते लिहा. लिहिलंय.

(दोन आठवड्यांनी)

ओढ्याकाठी:

वाईट बातमी. मधल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस झाला. आज गेलो तर फरशीचा वरचा डावा कोपरा गेलाय. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पापुद्रा सुटून वाहून गेला, साधारण दोन तळहात भरतील एवढा. माग तिथूनच पुढे जात होता. आणि माझं दुर्दैव की संध्याकाळच्या फोटोंत तो कोपरा काठाच्या सावलीत आहे, टॉर्चचे फोटो मी मधल्या भागाचेच घेतले. जो भाग गेला त्याचा चांगला फोटो माझ्याकडे नाही. दोन तास ओढ्यात खाली शोधलं, चुरा सुद्धा नाही.

चकमक:

फार वाईट वाटलं. उरलेल्याचं तरी सगळं तुमच्याकडे आहे.

भिंगवाला:

थांबा थांबा. पहिल्या दिवशीचा प्रचि ४ बघा. तुम्ही तो उजव्या खालच्या कोपऱ्यातून खूप तिरपा काढलाय, फ्लॅश टाकून, आणि फ्लॅश दगडावरून घसरत थेट त्याच कोपऱ्यावर गेलाय. सावली नाहीये पण खळग्यांच्या पलीकडच्या भिंती उजळल्यात. फोटोतला फक्त निळा चॅनल (निळ्या रंगाचा भाग) वेगळा काढून बघितला, डाग बरेच कमी झाले. मी सात मोजतोय. डाव्या रांगेत चार, उजव्या रांगेत तीन.

ओढ्याकाठी:

आत्ता बघितलं. आहेत. सात आहेत. पण त्या फोटोत पट्टी नाही आणि तो तिरपा आहे, माप कसं काढणार?

सावलीशोध:

निघेल. प्रचि ४ मध्ये फरशीवर ज्या भेगा आहेत त्या आजही जागेवर असतील. अशा चार जागा निवडा ज्या जुन्या फोटोतही दिसतात आणि दगडावरही आहेत, भेगेचा फाटा, कोपरा, असं काही, एका रेषेत नकोत, चौकोन झाला पाहिजे. टेपने चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. मग तो तिरपा फोटो सॉफ्टवेअरमध्ये ताणून सरळ करता येतो, जणू वरून काढल्यासारखा. फरशी सपाट आहे म्हणून हे चालेल. मला मापं द्या, मी करून देतो.

थरावरथर:

आणि टेप घेऊन जाल तेव्हा संध्याकाळीच जा. पापुद्रा गेला त्याच्या खालचा थर आता उघडा आहे. ओल्या चिखलात पाय रुततो तेव्हा दाब खालच्या थरांतही उतरतो, पुसट, पण उतरतो. सावलीशोध सात खळग्यांच्या जागा काढून देतील, तिथेच टॉर्च आडवा धरून बघा. काठाच्या सावलीची वाट बघू नका, छत्री लावा.

(चार दिवसांनी)

ओढ्याकाठी:

मापं: बाजू ४१, ३८, ४३, ३६ सेंटीमीटर, कर्ण ५७ आणि ५४. सावलीशोधनी त्याच रात्री फोटो सरळ करून पाठवला, सात जागांवर फुल्या मारून. त्याचा खऱ्या आकाराचा प्रिंट पारदर्शक कागदावर काढला आणि आज भेगांना भेगा जुळवून फरशीवर धरला, एका बाजूने मी, एका बाजूने नात, आजोबा छत्री धरून. फुल्यांच्या जागी कोपऱ्यात खडे ठेवून खुणा केल्या, कागद काढला, टॉर्च आडवा धरला.

सातपैकी चार आहेत. अगदी पुसट, बोटाला तर लागतच नाहीत, पण उजेड डावीकडून आला की चारही दिसतात, डाव्या रांगेतले तीन आणि उजव्यातला एक. माग त्या कोपऱ्यात डावीकडे वळून फरशीवरून उतरतो. आठ दिशांचे आठ फोटो घेतले, पट्टीसकट, या वेळी चारही कोपऱ्यांचे. प्रचि ३२ पासून टाकतोय, अपलोड व्हायला वेळ लागतोय.